सवण्यातलं ऊन

आक्का म्हटलं की आधी आठवतो तो शेणानं सारवलेल्या जमिनीवरचा उन्हाचा गोल ठिपका, आणि त्यामागोमाग डोक्यावरच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, हलकेच उमटणारी पावलं. पाथर्डीकडच्या आमच्या मातीच्या घराला धूर आणि उजेड यांसाठी छतात एक भोक होतं. त्याला आम्ही सवणं म्हणायचो. सकाळभर त्यातून चुलीचा धूर आणि रात्रीची कोंडलेली ऊब निघून जाई, पण सूर्य माथ्यावर आला की त्याच वाटेनं आग खाली उतरे. ती वाट नेमक्या वेळी झाकणं हे माझ्या थोरल्या जावेचं, आक्काचं, काम होतं, आणि ते तिनं दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही.

उंच, सावळी, शब्दांची कंजूष. भर उन्हातून येतानाही ती सावलीतून आल्यासारखी दिसायची, इतकी तिची चाल शांत होती. पहाटेच्या गारव्यात ती दारं-खिडक्या सताड उघडून ठेवी आणि ऊन अंगणात पाऊल टाकायच्या आत लावून घेई. गावात वीज आली होती. थोरल्या दिरांनी हौसेनं टेबलफॅनही आणला होता, तो तिनं फडक्यात बांधून फडताळात ठेवला. "तापल्याली हवाच फिरवतंय ते," ती म्हणाली. "घराला श्वास घिऊ द्यावा, मग वारं इकत आणाया लागत न्हाई."

बाहत्तरच्या कोरड्या पावसाळ्यामागून आलेल्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ उघडे पडले, आणि त्याच वैशाखात मी बाळंत झाले. गल्लीतली दोन तान्ही झळ लागून गेली होती. आक्काला मूल नव्हतं. माझ्या लेकीला तिनं काही न बोलता आपलं मानलं. बाळाच्या अंघोळीचं हळद-दुधाचं पाणी ती अंगणातल्या घंगाळात राखून ठेवी आणि त्यात गोणपाट भिजत घाली. मध्यान्ही दुष्काळी कामावरून, खडी फोडता फोडता उठून, ती ओढा ओलांडून येई, ते ओलं गोणपाट सवण्यावर अंथरी आणि तशीच माघारी जाई. खाली मला फक्त पावलं ऐकू येत. मग ठिपका विझे, हळद-दुधाच्या वासाचा एखादा थेंब जमिनीवर पडे आणि लेक हातपाय सैल सोडून झोपे.

त्या दिवशीही तसंच झालं. पावलं आली, ठिपका विझला, थेंब पडला. ऊन कलल्यावर लोकांनी आक्काला बाजेवर घालून आणलं. घराकडे येताना ऊन लागून ती ओढ्यातच कोसळली आणि तिथंच गेली होती. घरापर्यंत ती पोचलीच नव्हती. गोणपाट घंगाळात तसंच भिजत पडलं होतं.

मी सासूबाईंना पावलांचं सांगितलं. "तिचा जीव लेकरात गुतलाय," त्या म्हणाल्या. "घिऊन जाईल." त्यांनी सवण्यावर बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या, कारण काटा ओलांडून मेलेलं माणूस येत नाही. झाकायचं मात्र नाही, अंधार झाला तर तिला फावेल, असंही बजावलं. ते गोणपाटसुद्धा त्यांनी जाळायला लावलं.

काट्यांतून ऊन चाळणीतल्यासारखं गळत राहिलं. खोलीची भट्टी झाली, लेकीचं अंग तव्यासारखं तापलं. तिनं आधी दूध सोडलं, मग रडणंही सोडलं. मला आक्काची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण तिच्या येण्याच्या भीतीहून तिच्या न येण्याची भीती मोठी झाली. पहाटे कामावर निघालेल्या ह्यांना मी म्हणाले, "काट्या काडा वरल्या. येऊ द्या तिला." हे शिडी लावून वर चढले.

मध्यान्ही दारं लावून मी लेकीला छातीशी धरून बसले. बाहेर पान हलत नव्हतं. ठिपका माझ्या मांडीवर चढला, लेकीच्या पायांशी आला. मग धाब्यावर ती शांत पावलं वाजली आणि बरोबर आमच्या माथ्यावर येऊन थांबली. रोजच्यापेक्षा ती जास्त वेळ थांबली. मी डोळे मिटले आणि नकळत लेकीला जरा वर उचलून धरलं. खोलीत अंधार झाला. हळदीच्या वासाचा एक गार थेंब लेकीच्या ओठांवर पडला, आणि तिनं तो चोखला.

लेक जगली. त्या घरावर आता स्लॅब आहे, सवणं केव्हाच बुजलं, आणि लेकीची लेकरं पंख्याखाली झोपतात. तरी वैशाखातल्या एखाद्या दुपारी वीज जाते, पंखा थांबत थांबत थांबतो, आणि आम्ही मायलेकी बोलणं सोडून वर पाहतो. काळ माणसाला नेतो, पण माणसाची वेळ त्याला नेता येत नाही. मध्यान्ह झाली की आक्का अजून ओढा ओलांडून घराकडे येतच असते.