भिंतीवरचे अठरा

हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच ताईनं तबेल्याच्या भिंतीवरचा खडूचा आकडा वाचला आणि तिचं टाळकं सरकलं.

"अठरा? अठरा कसे होतील रे?"

धाकटा भाऊ दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता.

"मोजले तेवढे लिहिले."

आकडे बाईसाहेबांच्या श्वासांचे होते. बाईसाहेब म्हणजे सव्वीस वर्षांची, पोटानं गोल, ताईच्या खांद्याला जेमतेम लागणारी तट्टाणी. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं हिच्याच पाठीवरून पडत पडत बसायला शिकली. आता तिला दमा होता. घड्याळ धरून मिनिटभर तिच्या बरगड्यांची हालचाल मोजायची, हा ताईचा रोज सकाळचा नेम. चौतीस, छत्तीस, पस्तीस, अडतीस. मागच्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "औषध वाढवून झालं, वाफ देऊन झाली. मी आठवड्यानं येते. श्वास तिसाच्या खाली आले नाहीत, तर तिला असं धापा टाकत ठेवणं बरं नाही." पुढचं त्या बोलल्या नव्हत्या आणि ताईनं विचारलं नव्हतं. तो आठवडा आज दुपारी संपत होता.

नेमकी याच आठवड्यात लेकीची घर बदलायची घाई. दोन दिवस जावंच लागलं, पण जीव सगळा इथे टांगणीला. तशीही ताईच्या पायाला चाकं होती. गल्ली तिला भिंगरीच म्हणायची.

तिनं आत नजर फिरवली. फरशीभर गवताच्या काड्या. कोपऱ्यात कोळ्यानं संसार थाटलेला.

"खराट्याला हात तरी लावलास का?"

"नाही."

"हिची चादर झटकलीस?"

"नाही."

"मग दोन दिवस केलंस काय?"

"गवत भिजवून घातलं. पावडर दिली. लीद उचलली. मग बसलो."

"शाब्बास! इकडची काडी तिकडे करायची नाही आणि वर खुर्चीत बसून आकडे रचायचे. डॉक्टरबाईंना फसवून हिचा दमा जाणार आहे का?"

तिनं तळहातानं अठरा पुसून टाकले आणि स्वतः मोजायला उभी राहिली. सतरा भरले. घड्याळ बंद तर नाही ना, म्हणून तिनं ते कानाला लावून पाहिलं. पुन्हा मोजले. सतराच.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि तिनं बाईसाहेबांच्या मानेवर एक थाप मारली. आनंदानं तिला काय करू नि काय नको असं झालं. जे रोज करायची, तेच तिनं केलं. खराटा उचलला. "डॉक्टरबाई यायच्या आत ही घाण तरी काढू दे," म्हणत तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी खसाखसा झाडली.

खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. तो धुळीनं भरून गेला. बाईसाहेबांनी मान खाली घातली. एकदा खोकल्या, मग आणखी तीनदा, आणि त्यांच्या कुशी जोरात हलू लागल्या.

ताईचा हात थांबला. भावानं पेपरची घडी घातली.

"ताई, दिवसातून किती वेळा झाडतेस तू?"

"पाचदा. आता सातदा." तिचा आवाज बारीक झाला. "ती खोकली की झाडते. धूळ बाधते म्हणून तर झाडते ना रे."

त्यानं उन्हात तरंगणाऱ्या धुळीकडे बोट दाखवलं.

"तुला कधी कळलं?"

"काल. फोनवर सांगणार होतो. धीर नाही झाला."

ती गवताच्या टबाच्या काठावर बसली. तिला रडू आलं आणि लाजही वाटली. इतके महिने आपल्याच हातांनी. त्यानं बाईसाहेबांना सोडून बाहेर मोकळ्यावर नेलं आणि फरशीवर पाणी शिंपडलं.

दुपारी डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "एकवीस. हे झालं कसं? काय बदललंत?"

भाऊ पाण्याची बादली उचलून बाजूला सरकला. ताईनंच मान वर केली.

"मी नव्हते," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, खराट्यापासून चादरीपर्यंत. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "झाडायचं ते ती बाहेर असताना, पाणी शिंपडून, दिवसातून एकदा. हे सांभाळलंत तर काढेल अजून काही वर्षं," म्हणाल्या आणि बॅग उचलून गेल्या.

संध्याकाळी बाईसाहेब आत ओलं गवत खात उभ्या होत्या. भावानं आपली खुर्ची ताईला दिली. ती बसली. बाईसाहेबांच्या तोंडातल्या घासातली काडी खाली पडली. ताई उठली, परत बसली. दुसरी पडली. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिसरी पडली, तशी ती ताडकन उठली, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि भावाच्या हातात कोंबला.

"हा लपवून ठेव," ती म्हणाली. "आणि मी पाया पडले तरी सांगू नकोस कुठे ठेवलास ते."