रिकामी तारीख

"अगं तारीखबाई, जरा खाली येतेस का? इथं बाकावर सगळी मेलेली माणसं बसलीत, आणि त्यातल्या एकाला चहात साखर कमी हवीय."

फोनवर सिस्टर होत्या. बाह्यरुग्ण विभागातल्या त्या सिस्टर थट्टा केल्याशिवाय इंजेक्शनसुद्धा देत नसत, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या तारीखबाईंनी पहिल्यांदा ते हसण्यावारीच नेलं. पण हसता हसता सिस्टर मध्येच गप्प झाल्या, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या लक्षात आलं. चष्मा डोक्यावर सरकवून त्या जिन्याने खाली निघाल्या.

तारीखबाई हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलात हृदयाच्या एका औषधाचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू होता. औषध घेणारे लोक ठरलेल्या दिवशी येत, तपासून घेत, घरी जात. कोण आलं, कोण यायचं थांबलं, कोण वारलं आणि केव्हा, याचा हिशेब लावणारे प्रोग्रॅम लिहायचे हे बाईंचं काम. एखाद्याची तारीख चुकीची दिसली की त्या जेवण सोडून तिच्या मागे लागत. असं चार-दोनदा झाल्यावर सिस्टरांनी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर बाई स्वतःच इकडेतिकडे बघत.

सिस्टरांनी छापील यादी पुढे केली. आज तपासणीला येणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द. मृत. मृत. मृत. वरपासून खालपर्यंत.

"मला वाटलं रात्रीतून साथबिथ आली की काय," सिस्टर म्हणाल्या. "मग बघते तर सगळे आपले बाहेर बसलेले. एक तर पंखा लावा म्हणून भांडतोय."

साखर कमी हवी असलेले आजोबा पहिल्याच बाकावर होते. कान त्यांचे अगदी तिखट होते.

"मी गेलो म्हणे," ते म्हणाले. "कधी गेलो, तेवढं तरी सांगा बाई. घरी कळवायला बरं."

"तारीख नाहीये आजोबा," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तारीख नाही? मग असा कसा गेलो? मरायला काही दिवस-वार लागतो की नाही?"

बाकावरचे सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. चूक कुठे झाली ते त्यांना तिथेच, उभ्या उभ्या कळलं.

सकाळी नव्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक अट होती. मृत्यूची तारीख आजच्या आधीची असेल तर 'मृत' लिही, नसेल तर 'हयात' लिही. वाचायला सरळ. पण जिवंत माणसाच्या मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी असते, आणि ते यंत्र रिकाम्या जागेला जगातल्या सगळ्या तारखांच्या आधीची तारीख समजतं. त्याच्या लेखी कोरी जागा म्हणजे फार फार पूर्वी. त्यामुळे जो मेलेला नाही, तोच सगळ्यांत आधी मेलेला ठरतो. बाई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच बजावत: "रिकामी जागा ही तारीख नसते. आधी विचारायचं, तारीख आहे का? असेल तरच विचारायचं, आधीची की नंतरची." इतकी वर्षं बजावत आल्या, आणि आज तो पहिला प्रश्न त्यांच्याच हातून गळला होता. शिवाय यादी नजरेखालून न घालताच खाली पाठवली होती.

"तुझ्याकडून कसं झालं हे?" सिस्टरांनी आवाज उतरवला. "बरी आहेस ना?"

"काल आईंनी तारीख मागितली," बाई म्हणाल्या.

सिस्टरांना पुढचं विचारावं लागलं नाही. त्यांनी नुसता बाईंचा दंड दाबला आणि आजोबांच्या चहाकडे वळल्या.

आई म्हणजे सासूबाई. आठ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा, कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आला नाही. वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं काम. गावोगावच्या गोदामांतून, कारखान्यांतून फिरावं लागे, त्यामुळे दोन-तीन दिवस घराबाहेर राहणं नवीन नव्हतं. त्या खेपेला त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी घरी फोन केला, काटा लागला, म्हणजे दुरुस्त झाला, संध्याकाळच्या गाडीने निघतो म्हणाला. त्या गाडीतून तो उतरला नाही. तो गाडीत चढला होता की नाही, हेसुद्धा कोणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. पोलिस झाले, हॉस्पिटलं झाली, वर्तमानपत्रात फोटो झाला. मग हळूहळू लोक विचारायचे थांबले, आणि घरात दोघीच उरल्या.

दोघींचं छान चालत होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. सासूबाई शिवणकाम करत. जिभेला धार होती पण मायाही तेवढीच. बाहेर कोणी सुनेबद्दल वावगं बोललं, तर तिचा ब्लाउज दोन आठवडे उशिरा मिळे. घरातला जुना फोन मात्र त्यांनी कोणाला काढू दिला नाही. दोघींकडे मोबाइल आले तरी तो टेबलावर विणलेल्या रुमालावर तसाच होता.

काल संध्याकाळी त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. उशीचा अभ्रा हातात धरून एकदम म्हणाल्या,

"मला एक तारीख दे."

"कसली तारीख, आई?"

"त्याची. तो गेला त्याची."

बाई भाजी चिरत होत्या. सुरी थांबली.

"आपल्याला कुठे माहितीय, तो... असं कसं म्हणता तुम्ही?"

"मी काही म्हणत नाही. मी आता थकले गं. रोज थोडं थोडं रडायचं, रोज थोडं थोडं वाट बघायची, दार वाजलं की छातीत धस्स. मला वर्षातला एक दिवस दे. त्या दिवशी मी पोटभर रडीन आणि बाकीचे दिवस माणसासारखी राहीन. तू तारखांचंच काम करतेस ना? मग काढ एखादी."

"खोटी तारीख कशी काढू?"

"मग खरी काढ."

"खरी नाहीये हो माझ्याकडे!"

आवाज चढला तसं बाईंनाच ओशाळवाणं वाटलं. सासूबाईंनी अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग दोघी गप्प जेवल्या. बाईंना झोप लागली नाही ती खोट्या तारखेच्या रागाने नाही. त्यांना भीती वाटली होती. ती जागा कोरी आहे तोवर तो कुठेतरी आहे, आणि एकदा तिथे काही लिहिलं की तो नाही, हे त्यांनी आठ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. पण धरून मात्र ठेवलं होतं.

वर येऊन बाईंनी अट दुरुस्त केली. आधी तारीख आहे का, मग आधीची का. दोन बोटांचं काम. नवीन यादी छापून घेतली आणि या वेळी एकेका नावावर बोट ठेवून वाचली. आजोबा हयात. पंखेवाले हयात. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. जुनी यादी त्यांच्याकडेही गेली होती.

"सगळेच गेले की काय हो?" ते म्हणाले. "मी म्हटलं, मग मी तरी कशाला आलो आज?"

"माझी चूक आहे, सर. दुसरी पाठवलीय."

"चालायचंच. तुमची पहिलीच बघतोय मी. पेढे वाटा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. माणूस भला होता, आणि भल्या माणसांसमोर चुकल्याचं जास्त लागतं, तसं बाईंना लागलं.

नवी यादी घेऊन त्या पुन्हा खाली गेल्या, तेव्हा बाक रिकामे झाले होते. सिस्टर एका नावावर पेन आपटत बसल्या होत्या.

"हा बघ. या माणसाने घर सोडलंय. शेजारी म्हणतात गेला कुठेतरी, नवा पत्ता नाही, नंबर बंद. याला मेला म्हणू की जिवंत म्हणू?"

"दोन्ही नको म्हणूस," बाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी आजवर इतक्या वेळा दिलं होतं, की विचार करावा लागला नाही. "मृत्यूची तारीख रिकामीच ठेव. तिच्या बाजूला शेवटच्या संपर्काची तारीख लिही. तो शेवटचा आला, किंवा शेवटचा फोनवर बोलला तो दिवस. त्या तारखेपर्यंत हा माणूस होता, एवढं आपण खात्रीने म्हणू शकतो. हिशेबात तो तिथपर्यंत धरायचा. पुढचं आपल्याला माहीत नाही, तर पुढचं बोलायचं नाही."

सिस्टर लिहायला लागल्या. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "आज मी जरा लवकर निघू?"

"जा की. मेलेल्यांना उठवलंस आज. एवढं काम पुष्कळ झालं."

घरी सासूबाई मशीनवर होत्या. कालचा अबोला अजून पुरता विरला नव्हता, त्यामुळे त्यांनी मान वर न करताच विचारलं, "लवकरशी?"

बाई पर्स न ठेवताच समोरच्या स्टुलावर बसल्या.

"आई, मशीन थांबवा जरा. तारीख आणलीय."

मशीन थांबलं.

"तो गेला ती तारीख माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "ती मी देणार नाही, कारण ती कोणालाच माहीत नाही. पण तुम्हाला त्याचा फोन आला तो दिवस आहे. आमच्याकडे ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांच्यापुढे आम्ही तोच दिवस लिहितो. त्या दिवसापर्यंत माणूस होता, असं."

"होता," सासूबाई हळूच म्हणाल्या. शब्द उजेडात धरून बघावा तशा. "मेला असं नाही लिहीत?"

"नाही."

"नुसतं, तोवर होता."

"तोवर नक्की होता. तुमच्याशी बोलला."

सासूबाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. तो फोन त्यांनीच घेतला होता. बाई तेव्हा ऑफिसात होत्या. काय बोलणं झालं ते बाईंना पाठ होतं, तरी त्या ऐकत राहिल्या.

"'आई, काटा लागला,' म्हणाला. 'संध्याकाळच्या गाडीने निघतो. माझा तो निळा शर्ट टाकून देऊ नकोस, बटण तेवढं लाव.' मी म्हटलं, आलास की लावते. तर म्हणाला, 'आत्ता लाव, उद्या घालायचाय.' असा हट्टी." त्या थांबल्या. "लावलं गं मी. फोन ठेवला आणि लगेच लावलं."

"माहितीय मला."

"कितवी तारीख होती?"

बाईंनी सांगितली. आठ वर्षांत ती तारीख दोघींनीही घरात मोठ्याने उच्चारली नव्हती. आणि उच्चारल्यावर काही कोसळलं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"अजून महिना आहे तर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं.

महिनाभर त्या खरोखर वेगळ्या वागल्या. दार वाजलं की शांतपणे सुई टोचून ठेवून उठत. एकदा तर भाजीवाल्याशी भांडून, जिंकून, गुणगुणत वर आल्या. बाईंना त्याचं बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. आपण वाट बघण्यात एकट्या पडलो की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तो दिवस कामाचा होता. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी 'घरगुती' लिहिलं. सिस्टरांनी अर्ज बघितला, पण थट्टा केली नाही.

जेवणं झाली. सासूबाईंनी आज मशीनवर झाकण घातलं होतं. कपाटातून निळा शर्ट काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि फोनजवळच्या खुर्चीत बसल्या. बाई दुसऱ्या खुर्चीत. फोन आला होता ती वेळ झाली. ती वेळ त्या दुपारी सासूबाईंनी एकटीने पाहिली होती, आणि तेव्हा तिच्यात विशेष असं काहीच नव्हतं. आता दोघी होत्या.

सासूबाईंनी शर्टाचं बटण चाचपलं. दुसऱ्या बटणांपेक्षा त्याचा दोरा जरा गडद होता.

"घट्ट बसलंय अजून," त्या म्हणाल्या. मग पदर नीट घेतला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी रडते. तू चहा टाक."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. दोन कपांचं पाणी मोजून ठेवलं, गॅस पेटवला. बाहेरून आवाज आला तो आधी ओळखूच आला नाही, इतक्या वर्षांत त्यांनी सासूबाईंना मोठ्याने रडताना ऐकलं नव्हतं. ओट्याला धरून त्या उभ्या राहिल्या, आणि मग त्यांचेही डोळे वाहू लागले. ते त्यांनी पुसले नाहीत.

पाणी उकळायला आलं. बाहेरचं अजून थांबलं नव्हतं. बाईंनी हात पुढे करून गॅस अगदी बारीक केला.