बारशातलं बापाचं काम

रिटायर झाल्यावर फौजी माणसं शेत बघतात, पारावर बसून गावाचं राजकारण करतात, नाहीतर गुडघ्यांचे डॉक्टर बदलत राहतात. कुंडलच्या सुभेदार सयाजींनी मात्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले होते, शिक्षण तिथंच थांबलं होतं, आणि ती गोष्ट त्यांना पंचावन्नाव्या वर्षापर्यंत दातात अडकलेल्या उसाच्या चोथ्यासारखी टोचत राहिली. गाव थोडं हसलं. सुभेदारांनी हसू दिलं. पहिल्या दोन वर्षांचे सगळे पेपर त्यांनी एका दमात काढले, तेव्हा गावानंही हसायचं सोडून दिलं.

तिसऱ्या वर्षाला 'धर्म आणि समाज' नावाचा पेपर आला आणि सुभेदारांची गाडी तिथं चिखलात रुतली. या पेपरात धार्मिक विधींवर एक मोठा निबंध हमखास येतो, असं अभ्यासकेंद्रातल्या सरांनी सांगितलं होतं. पुस्तकातली व्याख्या सुभेदारांची तोंडपाठ होती. पण निबंध लिहायला बसले की त्यांच्या हातून निबंधाऐवजी कंपनीचा हुकूम बाहेर पडायचा.

नेमकी त्याच वेळी त्यांची एकुलती एक लेक क्रांती बाळंतपणाला माहेरी आलेली होती. ती साताऱ्यात हायस्कुलात मराठी शिकवायची. मुलगी झाली, आठवडा झाला, आणि क्रांती अंथरुणात बसल्या बसल्या कंटाळली. तेव्हा वडलांचा निबंध तिनं तपासायला मागून घेतला. एका मांडीवर बाळ, दुसऱ्या मांडीवर कागद. वाचता वाचता तिला हसू आवरेना. सुभेदारांनी गृहप्रवेशावर लिहिलं होतं. आधी उद्देश, मग साहित्य, मग कार्यवाही, आणि शेवटी सावधानी: होम पेटवण्यापूर्वी पाण्याच्या दोन बादल्या तयार ठेवाव्यात.

"पप्पा, ह्यात सगळं हाय," ती म्हणाली. "फक्त माणूस कुठं हाय? तुमी स्वतः बघितलेला एखादा विधी घ्या. कोण रडलं, कोण हसलं, ते लिवा."

सुभेदारांनी कागद परत घेतला. स्वतः बघितलेला विधी शोधायला ते मनातल्या मनात गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. आई गेली तेव्हा ते आसामात होते. क्रांतीचं बारसं झालं तेव्हा काश्मिरात, डोंगराच्या टोकावरच्या एका चौकीवर. तिचं नाव काय ठेवलं हे त्यांना महिन्यानं आलेल्या पत्रातनं कळलं. तिचे कान टोचले तेव्हा ते राजस्थानात. रिटायर होऊन घरी आले तेव्हा म्हणाले, आता लग्न तेवढं माझ्या हातनं होऊ दे. तर लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांचा कोरोनाचा रिपोर्ट आला. लेकीचं कन्यादान धाकट्या भावानं, आप्पासोनं केलं, आणि सुभेदारांनी ते मळ्यातल्या खोलीत बसून मोबाईलवर पाहिलं. ऐन मुहूर्ताला रेंज गेली. नशिबानं एखाद्याच्या हात धुऊन मागं लागावं म्हणजे किती, त्यालाही काही माप असावं की नाही?

क्रांतीनं यावर कधी तोंडानं तक्रार केली नव्हती. ती वडलांशी नीट बोलायची, त्यांची औषधं विचारायची, पण पावण्याशी बोलावं तसं. आपल्या आईशी ती भांडायची, रुसायची, तिच्या कुशीत शिरायची. सुभेदारांना वाटायचं, आपल्याशी एकदा तरी भांडावं पोरीनं. भांडण आपल्या माणसाशी होतं, आणि आपण तिचे आहोत की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

म्हणूनच आता ते नातीच्या बारशाकडं डोळे लावून बसले होते. हे बारसं तरी आपण उभं राहून बघायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. निबंधही त्याच्यावरच लिहायचा. आणि निबंध लिहायचा तर विधी आधी समजून घ्यायला हवा, म्हणून त्यांनी एका दुपारी बायकोला, राहीबाईंना, गाठलं.

राहीबाईंनी आधी खुळ्यात काढलं. मग त्यांनाही हुरूप आला. माळ्यावरचा पाळणा खाली काढून पुसून आढ्याला बांधलेलाच होता. त्यांनी स्वयंपाकघरातनं वरवंटा आणला, धुतला, त्याला टोपडं घातलं आणि दुपट्यात गुंडाळला. खऱ्या बारशातही बाळाच्या आधी असा वरवंटाच पाळण्यात घालतात. एक बाई पाळण्याच्या वरनं देते, दुसरी खालनं वाकून घेते, असा तो देवाची नावं घेत फिरवायचा. मग तसंच बाळ फिरवायचं. मग आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि त्या वेळी बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या. राहीबाई एकट्याच वर आणि एकट्याच खाली होऊन हे सगळं करून दाखवत होत्या, आणि क्रांती बाजेवर बसून पोट धरून हसत होती.

सुभेदार मात्र चौकीवरनं मुलूख न्याहाळावा तसं सगळं लक्ष देऊन बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, की यात बाप कुठं उभा राहतो.

"आवं, बाप्या मानसांचं काय काम तितं?" राहीबाई म्हणाल्या. "भायेर मांडवात बसायचं, च्या प्यायचा, पेढं खायाचं. बारसं बायकांचं असतंय."

सुभेदार तिथनं उठले आणि गोठ्याकडं गेले. म्हशीला वैरण घालायची वेळ झालेली नव्हती, तरी त्यांनी घातली. इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढं एक चित्र होतं: क्रांतीचा पाळणा, भोवती सगळी माणसं, आणि पाळण्याजवळ एक मोकळी जागा, ती त्यांची. आज कळलं, तिथं मोकळी जागा नव्हतीच कधी. घरी असते तरी मांडवात चहा पीत बसले असते. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. उलट त्यांना फार वाईट वाटलं. न मिळालेली गोष्ट निदान न मिळालेली तरी असते. ही तर मुळात कुणी ठेवलेलीच नव्हती.

दोन दिवसांनी हॉलतिकीट आलं. 'धर्म आणि समाज', कराड केंद्र, दुपारी दोन ते पाच. तारीख बारशाची. बारसं चार वाजता ठरलेलं होतं. साताऱ्याहून सासरची माणसं यायची होती, गावाला निरोप गेले होते, जेवणाचं सांगून झालं होतं. सुभेदारांनी हॉलतिकिटाची घडी केली, खिशात ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पेपर काय, पुढच्या वर्षीही देता येतो. मांडवात तर मांडवात, पण ह्या वेळी हजर राहायचं.

बारशाच्या दिवशी सकाळी ते स्टुलावर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. क्रांती बाळाला घेऊन उंबऱ्याशी आली. अभ्यासकेंद्राच्या सरांनी ग्रुपवर सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या होत्या, आणि सुभेदारांचा मोबाईल चार्जिंगला तिच्याच उशाशी होता.

"आज पेपर हाय तुमचा," ती म्हणाली.

सुभेदार तोरणाची गाठ मारत राहिले. मग हळू म्हणाले, "असू दे. एकदा तरी हजर ऱ्हाऊ दे की गं मला."

क्रांतीचा चेहरा बदलला. ती रागावली होती, खरंच रागावली होती, आणि असं रागावलेलं सुभेदारांनी तिला कधी बघितलं नव्हतं. तिनं सरळ सुनावलं. माझ्यासाठी तुम्ही पेपर सोडला हे ओझं मला नको. लहानपणी शाळेतल्या पोरी विचारायच्या तुझे पप्पा कुठं असतात, तेव्हा ड्युटीवर असतात असं मी मान ताठ करून सांगायचे, घरी येऊन रडायचे ते वेगळं. आता ह्या वयात तुम्ही शिकताय हे मी वर्गात पोरांना सांगते, आणि तुम्ही झेंडू बांधत बसलाय? बोलता बोलता तिचा आवाज फुटला. बाळ दचकून रडायला लागलं.

"बारसं थांबत न्हाई पोरी," सुभेदार म्हणाले. "तुझं कुठं थांबलं?"

"माझं मला कुणी इचारलं नव्हतं," क्रांती म्हणाली. "हिचं मी ठरवणार. जावा तुमी. आमी थांबतो."

सुभेदारांना ते खरं वाटलं नाही. पण लेक भांडली होती, पोटच्या पोरीनं भांडावं तशी भांडली होती, आणि त्या भांडणाचा मान राखायला ते मोटारसायकल काढून कराडला निघाले.

पेपरात विधी आलाच. आपल्या परिसरातल्या एका विधीचं वर्णन करून त्याचं महत्त्व सांगायचं होतं. सुभेदारांनी बारसं लिहिलं. वरवंटा लिहिला, टोपडं लिहिलं, आत्याच्या पाठीतल्या बुक्क्या लिहिल्या, आणि बाजेवर बसून हसणारी ओली बाळंतीण लिहिली. शेवटी पेन जरा थांबलं. मग त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की या विधीत बाळाच्या वडलांना किंवा आजोबांना काहीही काम नसते. त्याखाली रेघ ओढली आणि पेपर दिला.

परतताना ताकारीच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी झालेली. हंगामाचे दिवस, दोन्हीकडं ट्रॅक्टर, बैलगाड्या, एसट्या अडकलेल्या. दिवस बुडायला लागला. सुभेदारांनी राहीबाईंना फोन लावला आणि सांगितलं, की आता माझी वाट बघू नका, उरकून घ्या. राहीबाई बरं म्हणाल्या. पलीकडं बायकांचा गलका चालला होता. फोन ठेवल्यावर सुभेदार उसाच्या ढिगाकडं बघत उभे राहिले. आयुष्यभर हेच झालं होतं, आणि आज निदान समोर शत्रू नव्हता, ऊस होता.

घरी पोचले तेव्हा मांडवातले दिवे लागले होते. बाप्ये कंटाळून बसले होते, आणि आप्पासो कुणाला तरी सांगत होता की असलं बारसं बापजन्मी बघितलं नाही. सुभेदार चपला काढून दारातनं आत डोकावले. पाळण्यात वरवंटा होता. बाळ क्रांतीच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. भोवती बायका नटूनथटून ताटकळलेल्या, कुणाच्या वेणीतली फुलंही सुकलेली, आणि बाळाची आत्या संयोगिता, जी सगळ्यांत जास्त तयारीनं आली होती, ती भिंतीला टेकून जांभया देत होती.

"कवाचं म्हणतोय उरकू," राहीबाई म्हणाल्या. "ही उठू देईल तर शपथ."

क्रांतीनं आईकडं लक्ष दिलं नाही. "पप्पा, हातपाय धुऊन या," ती म्हणाली. "खालनं घ्यायला तुमी."

बायकांत कुजबुज झाली. आप्पासो दारातनं म्हणाला, की हे बायकांचं काम, दादा कशाला तिथं? राहीबाईंनी वळून त्याच्याकडं एकदा पाहिलं, आणि तो मांडवात परत गेला. खरं तर त्यांना स्वतःलाही ते पटलेलं नव्हतं. पण लेकीनं दुपारपासून दम धरला होता, आणि तो कशासाठी, हे आईला कळत होतं.

सुभेदार हात धुऊन आले. गुडघे कुरकुरले तरी पाळण्याखाली वाकून बसले आणि दोन्ही हात पसरले. आधी वरवंटा फिरवून झाला. मग वरनं संयोगितानं बाळ दिलं. इवलंसं, ऊबदार, दुपट्यातनं एक मूठ बाहेर आलेली. सुभेदारांनी ते घेतलं आणि छातीशी धरलं. मग त्यांना रडू आलं, आणि पाळण्याखाली बसलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते, त्यामुळं सगळ्या बायकांनी ते पाहिलं.

क्रांती त्यांच्या शेजारी खाली बसली. लहानपणी कधी बसली नव्हती इतकी जवळ, खांद्याला खांदा लावून.

"मी पेपरात लिवून आलोय," सुभेदार म्हणाले, "की बापाला ह्यात काय काम नसतंय. खाली रेघपण मारलीय."

"मग चुकलं ते," क्रांती डोळे पुसत म्हणाली. "मार्क जाणार तुमचे."

"जाऊ देत," सुभेदार म्हणाले.

वरनं संयोगिता हात पुढं करून बाळ परत मागत होती. सुभेदारांना ते ऐकू येत होतं, पण त्यांनी अजून थोडा वेळ बाळ दिलं नाही.