नववा बोळा

आर्णीच्या बसस्टँडमागे उकंडाचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप आणि दुचाक्यांच्या गर्दीत गेले चार महिने एक बुटकी, लाल, दोनच सीटांची विलायती गाडी मोठ्या ऐटीत बसून होती. यवतमाळचे निवृत्त वकील मधुसूदन यांची ती वडिलोपार्जित हौस. पस्तीस वर्षांपूर्वी तिचं इंजिन उकंडानेच उतरवून बसवलं होतं, त्यामुळे आताही वकिलांचा हट्ट एकच. "उकंडाभाऊ, हात तुमचाच लागला पाहिजे."

प्रत्यक्षात हात लागला तो पायलचा. पायल ही उकंडाची लेक, सव्वीस वर्षांची, आयटीआय केलेली. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं तिनं बदललं आणि उकंडानं स्टुलावर बसून चहाबरोबर सूचना दिल्या. तरी कोणी विचारलं की तो म्हणायचा, "पोरगी हाताखाली हाये." सहा वर्षं हाताखालीच! बाबांच्या तोंडून स्वतःला एकदा तरी 'मिस्त्री' म्हटलेलं पायलला ऐकायचं होतं. ही काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे, म्हणून ती गप्प होती.

उकंडाच्या दोन पक्क्या सवयी. इंजिन उतरवलं की धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या प्रत्येक उघड्या भोकात घरच्या कापसाचा बोळा कोंबायचा, तोही निळीत बुडवून वाळवलेला. पांढरा बोळा नजरेतून सुटतो, निळा सुटत नाही, असा त्याचा दावा. दुसरी सवय म्हणजे इंजिन ज्या लोखंडी पट्टीवर बसतं, तिथे पंचाच्या पोलादी टोकानं ठिपके ठोकून 'उ' काढायचा. इंजिन बसलं की अक्षर झाकलं जाई. पुढे कधी जो मिस्त्री इंजिन उतरवेल, त्यालाच ते दिसणार.

शनिवारी तीन लाकडी बल्ल्या जोडून उभ्या केलेल्या घोडीला साखळीनं इंजिन टांगलं. पायलनं एकेक बोळा काढून डब्यात टाकला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला एक खोल भोक असतं, त्यातला मात्र उकंडा स्वतः काढणार होता. तेवढ्यात वकिलांचा फोन आला. फोन ठेवून त्यानं पंच उचलला आणि जुन्या 'उ'शेजारी नवा 'उ' ठोकला. पायलला फार वाईट वाटलं, अगदी डोळे भरून आले. पण हातात साखळी होती. इंजिन खाली आलं, मागे सरकलं आणि गिअरबॉक्सपासून नखभर फट ठेवून अडलं.

"बोल्ट कस. बसते बराबर," उकंडा म्हणाला. तिनं बोल्ट कसले आणि फट मिटली.

संध्याकाळी झाडताना तिनं डब्यातले बोळे मोजले. आठ. कोंबताना तिनंच भिंतीवर खडूनं मारलेल्या रेघा होत्या नऊ.

"आठच होते," उकंडा म्हणाला. "तू एक रेघ उगीच मारली असन."

"मांगच्या भोकातला ऱ्हायला, बाबा. गिअरबॉक्सचा दांडा त्यातच जाते. म्हणून तं इंजन अडलं होतं. अशी चालवली तं दांडा ज्यात फिरते तो बुश जळन."

"उद्या वकीलसायेब येऊन राह्यले. त्याह्यच्यासमोर इंजन उतरवू? चाळीस वर्सं झाले मले या धंद्यात!"

"तुमची मान खाली जावी असं मले कायले वाटन? पण गाडी अशी देता येत नाही."

उकंडानं चपला घातल्या आणि तो घरी निघून गेला.

सकाळी पायल गॅरेजवर पोचली तर घोडी पुन्हा गाडीवर उभी आणि उकंडा एकटाच बोल्ट सोडत होता. "साखळी धर," एवढंच म्हणाला. दोघांनी मिळून इंजिन वर उचललं आणि नेमके त्याच वेळी वकील दारात आले.

"हे काय? काल बसवतो म्हणालात ना?"

उकंडानं चिमटा भोकात घातला आणि चेपून बटणासारखा झालेला निळा कापूस बाहेर काढला. तो तळहातावर ठेवून त्यानं सरळ वकिलांपुढे धरला.

"हे चूक माही, सायेब. मी बोळा इसरलो. पायल मिस्त्रीनं पकडली. गाडी बी तिनंच बांधली, मी निस्ता चहा पेलो."

वकिलांनी पायलकडे पाहिलं. ती उगीचच साखळी तपासू लागली.

उकंडानं पंच आणि हातोडी तिच्या हातात दिली. "घे."

"काय ठोकू?"

"तुह्यं नाव आता मी सांगू काय तुले?"

दोन 'उ'शेजारी पायल 'पा' ठोकू लागली. तिसऱ्या ठिपक्याला डोळ्यांपुढचं धूसर झालं आणि हात थांबला.

"सावकाश, पोरी," उकंडा म्हणाला. "मी गेल्यावर कोनी हे इंजन उतरवलं, तं त्याले कळलं पाह्यजे."

तिनं अक्षर पुरं केलं. मग दोघांनी इंजिन खाली सोडलं. या वेळी ते कुठेही न अडता गिअरबॉक्सला जाऊन भिडलं. बोल्ट नुसते हातानं फिरले.