अठ्ठेचाळीस टक्के

ब्रायर्सव्हिलमध्ये कोल्बी ट्रस्कने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चढाईची सूत्रं हाती घेतली आणि तिसऱ्याच सामन्यात पोरांनी बावन्न गुण केले. त्या दिवशी मैदानावर असा गलका झाला, की तीन कोसांवरच्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

वर्लिन पेटसला मात्र ते बावन्न गुण रुचले नाहीत. सव्वीस वर्षं तो चेंडूवाल्याला वाट करून द्यायला समोरच्यांना अडवणाऱ्या पाच गड्यांचा कोच. चढाईचा मुख्य कोच मध्येच सोडून गेला तेव्हा ती खुर्ची आपलीच, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. आणि बसवलं कुणाला, तर या एकतीस वर्षांच्या पोराला. तेही तात्पुरतं म्हणून. पण त्या पोराच्या केसांचा कोंबडा वाऱ्यातही हलत नसे. चर्चमध्ये बायका भजनाचं पुस्तक सोडून त्याच्याकडे बघत. वर्लिनची बायको अर्नेल, जिने कधी शेजारणीला लिंबू दिलं नाही, तिने त्याला पीचचा अख्खा केक नेऊन दिला.

"आपल्या घरी कधी केलास शेवटचा?" वर्लिनने विचारलं.

"तुझ्या हाताखाली बावन्न झाले की करीन," ती म्हणाली.

हंगाम संपत आला तशी मोठ्या कोचने, हॉलिसने, वर्लिनला बोलावलं. कोल्बीला कायम करायचं की नाही, ते त्याला ठरवायचं होतं. गुण काय, नशिबानेही होतात, असं त्याचं म्हणणं. पोरं नीट शिकलीत का, ते वर्लिन दर सामन्यानंतर भरतो त्या कागदावरून कळेल. शनिवारच्या सामन्याचा कागद दे, त्यावर मी ठरवतो, म्हणाला.

वर्लिनचा हर्ष गगनात मावेना.

रविवारी चर्चमधून आल्याआल्या तो उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन, सामन्याची फिल्म लावून पडद्यासमोर बसला. कागदाची रीत त्यानेच घातलेली. प्रत्येक चालीत प्रत्येक गड्याला एक खूण, अधिक किंवा उणे. गुण झाले की नाही ते बघायचं नाही. पहिलं पाऊल बरोबर पडलं का, हात आत होते का, एवढंच बघायचं. वर्लिन एकेक चाल अकरा-अकरा वेळा मागे नेऊन बघू लागला. मधला गडी तावारिस, भिंतीसारखा पोरगा, त्याने समोरच्याला उचलून जवळजवळ पुढच्या गावात नेऊन ठेवलं होतं. वर्लिनने लिहिलं, टाच उचललेली, उणे. दुसऱ्याने दोघांना आडवं केलं. मान वाकडी, उणे. शेंगा संपल्या तेव्हा बेरीज आली अठ्ठेचाळीस टक्के. त्याने एक प्रत हॉलिसच्या दाराखालून सरकवली, एक रिवाजाप्रमाणे खेळाडूंच्या खोलीत लावली आणि शीळ घालत घरी गेला.

सोमवारी पहाटे फोन वाजला. तावारिस होता.

"कोच, आम्ही पाचही जण पायऱ्यांपाशी उभे आहोत. तुम्ही येताय ना?"

तेव्हा कुठे वर्लिनच्या डोक्यात उजेड पडला. बेरीज ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की स्टेडियमच्या पायऱ्या दहा वेळा चढायच्या, आणि गड्यांबरोबर त्यांच्या कोचनेही. हा नियम त्यानेच जवानीच्या जोरात केला होता. गेल्या अकरा वर्षांत कुणी ऐंशीच्या खाली गेलंच नव्हतं.

तिसऱ्या फेरीला त्याच्या गुडघ्यांतून असे आवाज आले, की वरच्या रांगेतली कबुतरं उडाली. तेवढ्यात खालून कोल्बी पळत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चढाई माझी, तर पायऱ्याही माझ्याच, म्हणाला, आणि वर्लिनच्या बाजूने चढू लागला. केस जागेवर.

तावारिस मागे वळला. पोरगा रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"कोच, मी ती फिल्म सहा वेळा बघितली. माझी टाच कुठे उचलली, ते मला दिसत नाही. एकदा दाखवाल? मी सुधारतो."

चार वर्षं वर्लिनने या पोराला पाऊल टाकायला शिकवलं होतं. ती टाच जमिनीला चिकटलेली होती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"नव्हती उचलली," तो म्हणाला. "कागद चुकलाय. घरी जा सगळे."

अंघोळही न करता तो तसाच हॉलिसकडे गेला आणि पेनाने अठ्ठेचाळीस खोडून ब्याण्णव लिहिलं.

हॉलिसने खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग पहिले अठ्ठेचाळीस कुणाला दिले होतेस?"

"कोल्बीच्या केसांना," वर्लिन म्हणाला. "कर त्याला कायम."

बाहेर पडताना कोल्बीने त्याच्यासाठी दार धरलं. एक पाय पुढे, हात आत, पाठ ताठ, अगदी शिकवावं तसं. वर्लिनने मनातल्या मनात त्याला एक अधिक दिला, आणि दिल्याचा राग येऊन दिवसभर कुणाशी बोलला नाही.