डोहाची वाट

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कथा अर्धी ऐकू येते आणि झोप मात्र पुरी लागते. आज कुणा राजाची कथा नाही. शिराळ्याकडच्या एका पायवाटेची आहे, आणि धुळाआप्पांची आहे. तिच्यात खोटं बरंच आहे, पण ते बहुतेक माळकऱ्यांनी बोललेलं आहे.

चिंचदरे हे वारणेकाठचं गाव. तिथं घरटी एक माळकरी, आणि त्यांच्यात धुळाआप्पा मानाचे विणेकरी. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी वीणा त्यांच्या गळ्यात पडायची, आणि बायाबापड्या लेकरं घेऊन त्यांच्या पाया पडायच्या. आप्पांनी चाळीस वर्षांत मासा खाल्ला नव्हता. फक्त धरला होता.

दर मंगळवारी ते बायकोला, लीलाबाईंना, सांगायचे, “मळ्यातली मोटार बघून येतो.” मोटार जळून तीन वर्षं झाली होती, त्यामुळे बघायला वेळ लागायचा. त्यांची गळाची काठी रहिमान पिंजाऱ्याच्या दुकानात, न खपलेल्या एका गादीत असायची. दोघं मित्र पाणंदीनं उतरायचे, पाणंद संपली की बांधावरची पायवाट धरायचे आणि डोहावर जाऊन बसायचे. रहिमान धरलेला मासा घरी न्यायचा, आप्पा पाण्यात सोडायचे. बायको शाहजादी अल्लाला प्यारी झाल्यापासून रहिमान घरी बोलायचा त्याहून जास्त डोहावर बोलायचा. डोहावरही तो फारसा बोलत नसे.

आता डोहावर हे दोघंच असत असं नाही. झुडपाझुडपाआड एकेक माळकरी असायचा. रीत अशी, की तोंड नदीकडं ठेवायचं, मागून कुणी गेलं तर वळून बघायचं नाही, आणि गावात भेट झाली तर पाऊसपाण्याचं बोलायचं. या रीतीनं गावाची अब्रू तीन पिढ्या राखली होती.

गेल्या चैत्रात पृथ्वीराजनं त्या पायवाटेवर लोखंडी फाटक घातलं. पोरगा वाईट नव्हे. पुण्याची नोकरी सोडून आला, उसाच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. पाहुण्यांना डोहावर छत्रीखाली बसून गळ टाकायला मिळणार होता. आप्पा फाटकाशी गेले तेव्हा तो आधी त्यांच्या पाया पडला.

“आप्पा, आशीर्वाद असू द्या. पण वाट आमच्या रानातली हाय. नदीला जायला वरचा घाट हाय की.”

वरच्या घाटाला चाळीस पायऱ्या. खाली धुणी आपटतात, पंप धडधडतात, मासा तिकडं फिरकत नाही. रहिमान एकदा तो घाट उतरला. उतरला तो आपल्या पायांनी, वर मात्र त्याला दोघांनी उचलून आणला. त्यानंतरच्या मंगळवारी तो दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. दिवस मावळल्यावर उठला.

“काय बघतुयास रं?” आप्पांनी विचारलं.

“काय न्हाई. गुडघं शेकतोय.”

पायरीवर तेव्हा सावली होती.

आप्पांनी त्याच्याकडून तहसीलला अर्ज करवला. स्वतःची सही केली नाही. सप्ताह तोंडावर आला होता.

पाहणीला मंडल अधिकारी आल्या, राजेश्वरी मॅडम. फाटकाजवळच्या जांभळीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्या पृथ्वीराजच्या, चहाही त्याचाच. गाव लोटला होता. मॅडमनी नकाशा उलगडला.

“पाणंद इथपर्यंत सरकारी आहे. पुढची पायवाट नकाशात नाही. पण लोक पूर्वीपासून जात-येत असतील तर ती वहिवाट, आणि वहिवाट अडवता येत नाही. कोण जातं इथून?”

पृथ्वीराज नम्रपणे म्हणाला, “मॅडम, राखेला, गणपतीला, धुण्याला सगळे वरच्या घाटावर जात्यात. हिकडनं फक्त मासं धरायला जाता येतं, आन आमचं गाव माळकऱ्यांचं हाय.”

गावानं मान डोलावली. मान डोलावणाऱ्यांत देवळाच्या पंच कमिटीचे जोतिबा अण्णा सगळ्यात पुढं होते.

“मी एकदा वाट चुकून आलतो,” एकजण म्हणाला.

“मी म्हस हुडकायला,” दुसरा म्हणाला. त्याच्याकडं म्हैस नव्हती.

मॅडम रहिमानकडं वळल्या. “चाचा, एकट्याच्या जाण्याला वहिवाट नाही म्हणता येत, सवय म्हणतात. तुमच्याबरोबर कोण असतं?”

रहिमाननं काठीवर हात ठेवले. आप्पा त्याच्यापासून चार हातांवर उभे होते. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

“कोण न्हाई, मॅडम. मी एकलाच असतो.”

मॅडम लिहू लागल्या. आप्पांनी चाळीस वर्षं कीर्तनं ऐकली होती. भक्तासाठी देव कसा धावला हे त्यांना तोंडपाठ होतं. पण आपल्याला झाकायला म्हातारा दोस्त भर गावात खोटं बोलतो आणि आपण टाळकऱ्यासारखं मागं उभं राहतो, याला कुठला दृष्टांत लागू पडतो ते त्यांना आठवेना. त्यांनी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली आणि पुढं झाले.

“लिव्हा, मॅडम. धुळा बिरू कोळेकर. दर मंगळवारी असतो. तीस वर्सं झाली.”

“कशासाठी?”

“मासं धरतो.”

“खाता?”

“न्हाई. सोडतो.”

“मग धरता कशाला?”

आप्पांनी जरा विचार केला. “त्ये मला बी कळंना झालंय.”

“व्यवसाय काय लिहू?”

“शेती लिव्हा. गावात इचारलं तर इणेकरी म्हंत्यात.”

चहा ओतणाऱ्यानं किटली खाली ठेवली. मॅडमनी लिहून घेतलं, मग म्हणाल्या, “दोघं झाले. दोघांची दोस्ती होते, आजोबा. वहिवाटीला आणखी माणसं पाहिजेत.”

“हायती की,” मागून सुलाबाई म्हणाली. डोक्यावर वैरणीचा भारा, कमरेला विळा. “बांधाला रोज गवात कापती मी. ही सगळी हितंच असत्यात.”

“तुम्ही त्यांना पाहिलंय?”

“तोंडं न्हाई बघितली. तोंडं नदीकडं असत्यात. पाठी बघितल्यात.”

“मग आधी का नाही बोललात?”

“मला कुणी इचारलंच न्हाई.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. “गावकरी मंडळी, जरा नदीकडं तोंड करून उभे राहता का?”

सरकारी कामात अडथळा नको म्हणून मंडळी वळली. सुलाबाईनं भारा खाली ठेवला आणि एकेका पाठीमागून चालत गेली. “ह्यो करंजीच्या बुडाला. ह्यो दगडावर, बिडी वडतो. ह्यो एकादशीला बी असतो. ह्यो न्हाई, ह्येच्याकडं म्हस हाय, ह्यो खराच हुडकाय येतो. अण्णा, वाकू नगासा, वळखलंया मी.”

सतरा पाठी निघाल्या. सह्या सतरा जणांनी केल्या, कारण नाकारायचं तर वळावं लागत होतं. जोतिबा अण्णांनी सही करताना फक्त एवढंच विचारलं, “ह्ये कागद शिराळ्यातच ऱ्हातील न्हवं?”

महिन्याभरात आदेश आला. फाटकाला माणूस जाईल एवढी खिंड ठेवायची, कुलूप लावायचं नाही. पृथ्वीराजनं खिंड ठेवली. आपल्या पाहुण्यांना तो हल्ली सुलाबाईनं दाखवलेल्या जागांवर बसवतो.

पण सप्ताह त्याआधीच आला होता. कमिटीतल्या कुणी धुळाआप्पांना शब्दानं विचारलं नाही. विचारणारे सगळे कागदावर होते. आप्पाच उभे राहिले. “गळ सोडंन असं मला देवाम्होरं खोटं म्हणाया यायचं न्हाई. वीणा दुसऱ्याला द्या.” वीणा कधी भुईला टेकवत नाहीत, हातातून हातात देतात. कागदावर नसलेले हात शोधता शोधता तासभर गेला. शेवटी ती तरण्या शिवतेजच्या गळ्यात घातली. तो गळ घेऊन मोरणा नदीवर जातो. आप्पांनी त्याच्याही पायाला हात लावला आणि मागच्या ओळीत टाळ घेऊन उभे राहिले.

फाटकाला खिंड पडल्यावरच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी चपला पायात घातल्या. लीलाबाई चुलीशी होत्या.

“मोटार बघाया?”

“न्हाई. डोहाव.”

“मग दोघांच्या भाकरी बांधती. रहिमानभावजी काय उपाशी बसत्याल व्हय?”

मंडळी, कधी वारणेकाठी गेलात आणि कुठल्याही वाटेनं, कुणाला न विचारता, पाण्यापर्यंत पोचलात, तर पाण्यात पाय सोडण्याआधी एकदा हात जोडा, आणि देवाच्या नावामागोमाग चिंचदऱ्याच्या धुळाआप्पांचं नाव घ्या. एवढी आठवण ठेवा.