खाकी कव्हर

मिस युजिनिया हॉकिन्स यांनी किराणा दुकानाची कागदी पिशवी जोडावर उभी कापली, तिचा तळ वेगळा केला आणि उरलेला खाकी कागद तळहाताने टेबलावर सपाट केला. मग त्यांनी अल्थियाची कादंबरी त्यावर पालथी ठेवली. पालथी ठेवण्यात हेतू होता. मुखपृष्ठावर डोक्याला रंगीत फडके बांधलेली एक स्त्री वाचकाकडे पाठ करून कापसाच्या शेतात उभी होती आणि तिच्या पलीकडे सूर्य मावळत होता.

"हिला तोंड का नाही गं दिलं?" बर्निस टॉलिव्हरने विचारले. प्रत तिचीच होती. बर्निसने एकतीस वर्षे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन शहरात बस चालवली होती, आणि अजूनही ती प्रत्येक प्रश्न मागच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारत असे.

"तोंड दिलं असतं तर ती कोण, ते सांगावं लागलं असतं," अल्थिया म्हणाली.

"पण पुस्तकात बाई आहे कुठे? दोघं भाऊ आहेत. घड्याळं दुरुस्त करतात."

"बाई नाही. शेतही नाही."

"कापूस आहे," घडीवरून नख ओढत मिस युजिनिया म्हणाल्या. "पान दोनशे बारा. टिकटिक ऐकून कंटाळलेला धाकटा कानात बोळा घालतो."

टेबलाभोवती हसू पसरले. माउंट गिलियड चर्चच्या खालच्या दालनात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी जमणाऱ्या या वाचनमंडळात तेवीस बायका होत्या, आणि बावीस प्रतींना आधीच खाकी कव्हरे चढली होती. प्रत्येकीने आपल्या प्रतीवर कादंबरीचे नाव, लेखिकेचे नाव आणि खाली स्वतःचे नाव शाईने लिहिले होते. पद्धत जुनी होती. मिस युजिनिया ज्या काळी काळ्या मुलांच्या शाळेत नव्याने शिकवू लागल्या, त्या काळी तिथली पुस्तके गोऱ्या मुलांच्या शाळेतून उतरून येत: पाने फाटलेली, आतल्या बाजूला पाच परक्या मुलांची नावे, आणि सहावा वाचक कोण असणार हे ठाऊक असल्यामुळे त्याच्यासाठी मुद्दाम लिहून ठेवलेली एखादी शिवी. वर्षाचा पहिला तास म्हणून कात्रीचा असे. पुस्तक कसे पाठवायचे हे पाठवणाऱ्याच्या हाती असते. कसे हातात धरायचे, हे नसते.

डॉ. अल्थिया पर्डी अठ्ठावन्न वर्षांची होती आणि सव्वीस वर्षे महाविद्यालयात लॅटिन शिकवत होती. मुखपृष्ठाबाबत तिचे मत विचारात घेतले जाईल, असे करारात लिहिलेले होते. ते विचारात घेण्यात आले, आणि मग मुखपृष्ठ छापण्यात आले. तिची दुसरी कादंबरी गेले सात महिने त्याच प्रकाशनसंस्थेकडे पडून होती. दरम्यान तिने ती आणखी चार ठिकाणी दाखवली होती. चौघांनीही भाषेची स्तुती केली होती. एकाने तर, यंदाची काळ्या लेखकाची 'ती' जागा आमच्याकडे भरली आहे, असे प्रांजळपणे कळवले होते. आता हीच एक संस्था उरली होती, आणि तिचा निर्णय घेऊन विक्रीविभागाच्या प्रमुख ब्रूक सँडरसन न्यूयॉर्कहून आज इथे येणार होत्या. टपालाने कळवता आले असते. पण मंडळाबद्दल कुठूनसे कानावर आल्यामुळे त्यांना 'वाचकांना प्रत्यक्ष भेटायचे' होते.

त्या आल्या तेव्हा बर्निस आपल्या प्रतीवर नाव लिहीत होती. ब्रूक पस्तिशीच्या, हसतमुख आणि मनापासून उत्साही होत्या. दोष द्यायला त्यामुळे जरा अडचण होत असे. त्यांनी टेबलावरच्या तेवीस खाकी पुस्तकांकडे पाहिले, कात्रीवाल्या बाईंसमोरच्या प्रतीवरचे नाव वाचले आणि छातीवर हात ठेवला.

"अय्या, किती गोड! ही कल्पना कुणाची? युजिनिया, तुमची?"

दालनात चमच्यांचा आवाज थांबला. कुणीतरी चहाचा पेला अलगद खाली ठेवला.

"मिस युजिनिया," बर्निस म्हणाली.

"अं?"

"त्यांच्या नावाआधी 'मिस' लावायचं असतं. मागे राज्यपाल आले होते. त्यांनाही लावावं लागलं."

"सॉरी, सॉरी. मिस युजिनिया." ब्रूकनी फोन काढून कव्हरांचे चार फोटो घेतले. "अल्थिया, पेपरबॅकला हेच मुखपृष्ठ करू या! खाकी कागदाचा पोत, हातानं लिहिल्यासारखी अक्षरं. सुरकुत्यासुद्धा छापून घेता येतात आता. आणि मागे या सगळ्यांचा फोटो."

"छापील सुरकुत्या," अल्थिया म्हणाली.

"अगदी खऱ्या वाटतात."

"छापा की," मिस युजिनिया म्हणाल्या. "त्यावर आम्ही कव्हर घालू."

ब्रूक हसल्या. आपण एकट्याच हसतो आहोत हे लक्षात आल्यावर त्या खुर्चीत बसल्या. बर्निसने त्यांच्यापुढे पाउंड केकची बशी सरकवली.

"खरं सांगायचं तर," ब्रूक म्हणाल्या, "मला अंदाजच नव्हता. आमच्या आकड्यांप्रमाणे मेकनमध्ये तुमची कादंबरी नऊ जणांनी घेतली."

"इथे तेवीस आहेत."

"हो ना. कुठून घेतल्या?"

"आयझायाकडून," तीन-चार आवाज एकदम म्हणाले.

"म्हणजे कुठलं दुकान?"

"केस कापायचं," बर्निस म्हणाली. "आरशाखाली फळी आहे, तिच्यावर पुस्तकं असतात. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर आता चार केस उरलेत, पण माझ्या पुस्तकांपायी दर पंधरा दिवसांनी जातो बिचारा."

"ती दुकानं आमच्या मोजणीत येत नाहीत."

"मग आम्हीपण नाही येत. बघ अल्थिया, आपण इथे नाहीच आहोत."

काळ्या माणसांना गंभीर कादंबऱ्या चालत नाहीत, हे वाक्य अल्थियाने वीस वर्षांत इतक्या निरनिराळ्या सभ्य तोंडांतून ऐकले होते, की त्याचा कर्ता शोधणे तिने सोडून दिले होते. वाचक जिथे आहेत तिथे मोजायचे नाही, आणि मग जिथे मोजले तिथे ते नव्हते असे सिद्ध करायचे: तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या युक्तिवादावर नापास करता आले असते. दुर्दैवाने परीक्षक मोजणारेच होते.

ब्रूकनी बॅगेतल्या फाइलीतून हस्तलिखित काढले. चारशे बारा पानांच्या कडेतून सतरा पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या.

"इथेच बोलू, की बाजूला बसू?"

"इथेच."

"बरं. एक निवृत्त हेडमास्तर आणि त्याचा शेजारी. दोघं म्हातारे तीस वर्षं एका नासपतीच्या झाडावरून भांडतात. सुंदर लिहिलंय, अल्थिया. मी विमानात पुन्हा वाचलं. पण वाचक विचारेल, की यात झळ कुठे आहे?"

"कसली?"

"तुम्हाला माहीत आहे कसली."

"मला माहीत असती तर मी लिहिली असती."

ब्रूकनी केकचा तुकडा बशीतल्या बशीत फिरवला. "हेडमास्तरच्या वडिलांचं गोऱ्यांच्या हातून काहीतरी झालेलं असावं. पहिल्याच प्रकरणात. म्हणजे हा माणूस इतका शांत का, ते कळेल. आणि तीस वर्षांत पोलीस एकदाही दारात येत नाही, हे खरं वाटत नाही लोकांना."

"येतो की. पान एकशे चाळीस. झाड कुणाच्या हद्दीत आहे ते बघायला येतो आणि दोन नासपती खाऊन जातो."

बर्निस खुदकन हसली.

"तेच म्हणतेय मी," ब्रूक जरा आवाज खाली आणून म्हणाल्या. "आणि ते लॅटिन. दर दहा पानांवर हेडमास्तर लॅटिन बोलतो. आपला वाचक तिथे अडतो."

"कुठला वाचक?" मिस युजिनियांनी विचारले.

"म्हणजे... साधारण वाचक."

"हिला लॅटिन कुणी शिकवलं, असं वाटतं तुम्हाला?"

ब्रूकनी अल्थियाकडे पाहिले, मग मिस युजिनियांकडे. मिस युजिनिया कागदाचे उरलेले कपटे गोळा करत होत्या.

"हे बघा," ब्रूक म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच खरा होता. "मी तुमच्या बाजूची आहे. हे बदल केलेत, तर सोमवारी करार होतो. पुढच्या पुस्तकाचाही. नाही केलेत, तर मला ही कादंबरी वर रेटता येणार नाही. ती परतच जाईल. आणि बाकीच्यांकडे तुम्ही जाऊन आला आहात, ते कळतं आम्हाला."

अल्थियाने हस्तलिखित जवळ ओढले. पहिली पिवळी चिठ्ठी तिने नखाने उचलली, वाचली आणि ब्रूकच्या रिकाम्या फाइलीवर चिकटवली. मग दुसरी. ती घाई करत नव्हती. सतराही चिठ्ठ्या फाइलीवर एका ओळीत, कडा जुळवून बसल्या.

"या तुमच्या," ती म्हणाली.

"अल्थिया, सोमवारपर्यंत विचार करा."

"सात महिने तुम्ही केलात की विचार."

"मग करणार काय याचं?"

"वाचकांकडे पोचवणार. तुमच्या खात्याचं काम आहे ते, पण तुम्हाला पत्ता सापडेना."

तिने गठ्ठा मध्ये धरून उचलला, टेबलावर आपटून सारखा केला आणि प्रकरणे मोजून वाटायला सुरुवात केली. पहिले मिस युजिनियांना, दुसरे बर्निसला, तिसरे तिच्या शेजारणीला. मंडळाची रीतच तशी होती: जिच्या हाती जे येईल, ते तिने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. टेबलाच्या टोकापर्यंत पाने गेली आणि बायकांनी चष्मे लावले.

ब्रूक घड्याळ पाहून उठल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि फाइल उचलली. बर्निस त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. तिने केकचे दोन तुकडे चंदेरी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवले.

"विमानात खा. यात कुणाच्या वडिलांना काही झालेलं नाही, पण चव आहे."

दार लागले. बर्निस परत येऊन बसली. आता आपल्याला प्रकाशक नाही, हे अल्थियाला त्या क्षणी एखाद्या वस्तूसारखे स्पष्ट दिसले. तिने मांडीवर हात घट्ट जुळवून ठेवले.

मिस युजिनिया वाचू लागल्या. शहाऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जात होता. हेडमास्तर अंगणात आला, शेजाऱ्याने झाडाच्या फांदीला दोरी बांधली, हेडमास्तरने लॅटिनमधून त्याला काहीतरी सुनावले आणि टोकाला बसलेली एक बाई भाषांतराची वाट न पाहता हसली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर मिस युजिनिया थांबल्या. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती मनात पुन्हा वाचली.

"हे वाक्य."

"काय झालं?" अल्थियाने विचारले.

"सात ओळींचं आहे."

"मोठं आहे. पण सगळ्या पुस्तकात माझं आवडतं तेच आहे."

"दिसतंय ते. इथपर्यंत तो म्हातारा झाडाकडे बघत होता. इथे तू त्याला बाजूला सारलंस आणि स्वतः किती वाचलंयस, ते आम्हाला सांगायला पुढे आलीस."

"मिस युजिनिया, त्या वाक्याला मला तीन आठवडे लागले."

"लागले असतील, पोरी. खोटं बोलायला वेळ लागतोच."

कुणी हसले नाही. बावीस बायका अल्थियाकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर दया नव्हती, कौतुकही नव्हते. त्या फक्त पुढचे ऐकायला थांबल्या होत्या. अल्थियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सतरा चिठ्ठ्या वाचताना तिची मान ताठ राहिली होती. आता तिने ती वाकवली, पान आपल्याकडे वळवून घेतले आणि ते वाक्य ओठ हलवत दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते तिला सुंदर वाटले. दुसऱ्या वाचनात म्हातारा कुठे दिसेना.

"बर्निस, पेन दे."

बर्निसने दिले. अल्थियाने त्या सातही ओळी, एक-एक करून, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत खोडल्या आणि पान परत सरकवले.

"हं. वाचा पुढे."